टोपीचं पाणी

आई उशीवर टाचण्या रोवते.
बारा जोड्या लाकडी रिळं, खडखड, खडखड,
डावं उजव्यावरून, उजवं खालून.
लेस म्हणजे दोरा नव्हे, ती म्हणते,
दोऱ्यानं सोडून दिलेली जागा.

मीही तेच करते, ल्युब्ल्यानात, तिसऱ्या मजल्यावर.
माझ्या दोऱ्याला वास येतो,
काचेच्या कपाटात हात घालून विणावा लागतो,
आणि जागा अशी सोडायची
की एकच पाहुणा मावेल.
एक रेणू, कोपऱ्यात कडी घातलेला.
कडी बंद तोवर पाणी नुसतं पाणी.
पारा आला की कडी निघते
आणि दिव्याखाली बाटली
केशरी-गुलाबी पेटते.

सांगायला सोपं आहे. चार वर्षं गेली.
आधी कुणीही यायचं, लोखंडसुद्धा.
एका रेणूचा उजेड तर
तांब्यानं फुंकर मारून विझवला.

आमच्या इद्रियाखालचा डोंगर
पाचशे वर्षं पोखरलेला.
म्हणतात, एका बादल्या करणाऱ्यानं
झऱ्यात नवी बादली भिजत घातली
आणि सकाळी ती उचलेना.
तळाशी काहीतरी चकाकत होतं,
पाण्यात राहून कोरडं.
मग सगळं गाव खाली उतरलं.
हिंगूळ वर आला, भट्टीत गेला,
पारा लोखंडी बाटल्यांतून समुद्रापार,
दुसऱ्यांची चांदी गाळायला.
उडाला तो आमच्या छपरांवर बसला.

आता खाण बंद. नदी इतकी नितळ
की तळाचे खडे मोजावेत.
मार्चमध्ये तिचं पाणी मी तपासलं : अंधार.
गाळ तपासला : उजेड.
बेर्तोकनं दिलेल्या ट्राउटचं काळीज
रात्रभर रेणूत ठेवलं,
सकाळी एवढासा तुकडा
देवघरातल्या वातीसारखा.
बेर्तोक म्हणाला, सुंदर आहे.
मग म्हणाला, माझ्या धाकट्याला फार आवडतो हा मासा.

बाबा एकोणीस वर्षं खाली होते.
त्यांच्या हातात कप बशीशी बोलायचा.
आई कॉफी अर्धाच कप ओतायची,
पाहुण्यांनासुद्धा, म्हणजे कुणाला कळू नये.

परवा तिनं कपाटातून त्यांची टोपी काढली.
खाणीतली, फेल्टची, न धुतलेली.
“हिचं पाणी घे,” म्हणाली,
“आणि घाल तुझ्या बाटलीत.”
मी म्हटलं, असं नसतं करत.
तिनं पडदे ओढले.

वाडग्यात टोपी बुडवली. पाणी चहासारखं झालं.
गाळून घेतलं, दोन थेंब रेणू टाकला,
हातदिवा लावला.

आईच्या चष्म्याच्या दोन्ही काचा
केशरी झाल्या.
कुणी बोललं नाही. फ्रीज तेवढा घरघरत होता.

मग माझ्यातली शिकलेली बाई बोलली :
“थांब. हा रेणू आम्लालाही फसतो.
लिंबाचा एक थेंब पुरतो कडी निघायला.
टोपीत पारा असेल,
किंवा नुसता घाम असेल. घामही आंबटच.”

“बरं,” आई म्हणाली,
“आणि घाम कुणाचा होता, येरित्सा?”

तिनं टोपी पिळली,
शेगडीच्या कडेला वाळत घातली.
मी न बोलता उचलून
बाहेर खिडकीत ठेवली, बर्फाजवळ.
उबेत पारा उठतो. हे तिला ठाऊक होतं,
माझ्या जन्माआधीपासून.

सोमवारी खात्रीची चाचणी केली.
आकडा वहीत आहे.
तिनं विचारला नाही. फोनवर ऐकू येत होतं :
खडखड, खडखड,
मधेच एक रीळ थांबलं,
पुन्हा चालू.